आधी तिचं म्हणणं सांगा

धोपेश्वरकर सर आमच्या घरी आले की दाराबाहेर चपला जोडीनं भिंतीला टेकवून ठेवायचे. मला त्याचाही राग यायचा. त्या रविवारी तर मी बाहेर जाऊन त्यातली एक पायानं तिरकी केली आणि मधल्या खोलीत पेपर उघडून बसलो.

बाहेरच्या खोलीत तिघं होते. माझी बायको गिरिजा, मुलींच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. सर त्याच विषयातले, दुसऱ्या कॉलेजातून नुकतेच निवृत्त झालेले. आणि इंदुताई करगुप्पीकर, कन्याशाळेच्या माजी मुख्याध्यापिका, ज्यांच्यासमोर आजही निम्मी सांगली सरळ उभी राहते. दर रविवारी चार वाजता ही मंडळी आळीपाळीनं एकेकाच्या घरी जमायची आणि ग्रीक लोकांवर बोलायची. प्रेम म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, शहाणपण शिकवून येतं का. अथेन्सच्या बाजारात लोकांना अडवून असले प्रश्न विचारणारा एक म्हातारा होता म्हणे. गावानं शेवटी त्याला विष पाजलं हे ऐकलं तेव्हा मला गावाचं म्हणणं बरंचसं पटलं. मीही बाजारातलाच माणूस, हळदीचा अडत्या. पोती उतरायच्या वेळी कुणी न्यायाची व्याख्या विचारली असती तर मीही त्याला सरळ पाठवला नसता.

"ओढ असते ती नसलेल्या गोष्टीची," गिरिजा बाहेर म्हणत होती. "आणि प्रेम ही ओढच. म्हणजे जे हातात आहे त्याच्यावर प्रेम करताच येत नाही."

"मला नाही पटत," इंदुताई म्हणाल्या. "माझं घर माझंच आहे आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे."

"थांबा इंदुताई," सर म्हणाले. "आधी तिचं म्हणणं सांगा."

हा त्यांचा नियम. कुणाचं खोडायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं, अगदी त्याला हवं तसं. ऐकून त्यानं 'हेच' म्हटलं, तरच पुढं बोलायचा हक्क. 'हेच' मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा मांडायचं. कधी कधी सगळी दुपार त्यातच जायची आणि भांडण राहूनच जायचं. सर म्हणायचे की निम्मी भांडणं तशीच राहून जायच्या लायकीची असतात.

इंदुताईंनी तिसऱ्या खेपेला 'हेच' मिळवलं. मग सर म्हणाले, "घर आज तुमचं आहे. ते उद्याही असावं असं वाटतं की नाही? आणि उद्या कुणाच्या हातात आहे?"

"अगदी!" गिरिजा म्हणाली आणि हसली.

ते हसू माझ्या ओळखीचं नव्हतं. वीसेक वर्षांच्या संसारात ती माझ्या विनोदांना हसली होती, मुलाच्या बोबड्या बोलांना हसली होती, माझ्या थोरल्या भावाच्या घोरण्यावर तर आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. पण हे तसं नव्हतं. कुणीतरी नेमकं बोट ठेवल्यावर माणूस हसतो तसं ते होतं, आणि बोट त्या माणसाचं होतं.

बरं, दिसायला म्हणाल तर माणसात काही नव्हतं. विधुर, काटकुळा, पुढचे केस गेलेले, बोलताना मधेच दम लागायचा. रुबाबदार असता तर मी निदान समजू शकलो असतो. पण त्याच्या चहासाठी आलं किसून वेगळं ठेवलं जायचं. तो असताना गिरिजा चष्मा लावून बसायची. माझ्यापुढं यायची ती चष्मा काढून, डोळे चोळत, गॅस कधी येणार म्हणून विचारायला. आज काय झालं चर्चेत, असं मी कधी विचारलंच तर म्हणायची, "तुम्हाला कंटाळा येईल हो."

एकदा मी आतूनच ओरडून विचारलं होतं, "त्या अथेन्सच्या म्हाताऱ्याच्या घरी चूल कोण पेटवायचं?" सर म्हणाले, "फार चांगला प्रश्न आहे, शेटे." त्यांनी मला शाबासकी दिली याचा राग मला दोन दिवस पुरला.

मंडळी गेल्यावर गिरिजा मधल्या खोलीत आली आणि उभ्यानंच म्हणाली, "पुण्याच्या एका संस्थेत ग्रीक विचारांवर मराठी ग्रंथ करायचं चाललंय. सरांना बोलावलंय. बरोबर आणखी एक माणूस घ्यायला सांगितलंय. वर्षभर तिथं राहायचं. मला बिनपगारी रजा मिळेल."

"आणखी एक माणूस म्हणजे तू."

"हो."

"नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही. सूर्य उगवतो तो का म्हणून विचारतेस का?"

"विचारतो की आम्ही," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून समोर बसली. "हे बघा, तुम्ही नाही म्हणा. तुमचा हक्क आहे. पण पुढच्या रविवारी इंदुताईंकडं या आणि नियमानं नाही म्हणा. आधी माझं म्हणणं मांडा, मी 'हेच' म्हटलं की तुमचं सांगा. तुमचं मला पटलं तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

"आणि नाही आलो तर?"

"तर तुम्हाला म्हणायचंच काही नाही, असं धरून चालेन."

बायकोला पुण्याला पाठवायचं की नाही हे परक्याच्या दिवाणखान्यात ठरवायचं, असं आमच्या सात पिढ्यांत झालं नसेल. पण सौदा समोर ठेवल्यावर उठून जायचं नाही ही माझी सवय. शिवाय मला वाटलं, आपल्या बायकोचं म्हणणं मांडायचं, त्यात काय अवघड आहे? रोज ऐकतोच की.

तो आठवडा वाईट गेला. आमच्या बाजारात तेव्हा रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव व्हायचा. व्यापारी बोटं दाबतो, अडत्यानं ती ओळखायची, शेजारच्याला कळता कामा नये. त्या कामात माझं नाव होतं. बोटं नुसती लागली तरी समोरचा आणखी किती चढेल ते मला समजायचं. त्या आठवड्यात मी एकाची बोटं भलतीच वाचली आणि चांगला माल कमी भावाच्या माणसाला देऊन बसलो. सगळा बाजार हसला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी माझी गत होती. हात रुमालाखाली होता आणि मन पुण्याच्या कुठल्यातरी खोलीत, जिथं टेबलाच्या एका बाजूला गिरिजा चष्मा लावून बसलीय आणि दुसऱ्या बाजूला तो.

मी तिच्यावर पाळतही ठेवून पाहिली. कॉलेज सुटताना समोरच्या पानपट्टीवर उभा राहिलो. ती एकटी बाहेर आली, भाजी घेतली, रिक्षात बसली. काही सापडलं नाही याचं समाधान व्हायला हवं होतं. मला वाटलं, किती सावध आहेत दोघं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं चोर कोण तेच मला ठरवता येत नव्हतं.

रविवारी इंदुताईंच्या घरी भडंग आणि चहा झाला. सर मान खाली घालून बसले होते. त्यांना हा प्रकार पसंत नव्हता हे दिसत होतं. इंदुताईंनी पदर खोचला आणि शाळा भरल्यासारखं म्हणाल्या, "गिरिजाला पुण्याला जायचंय. शेट्यांचा विरोध आहे. शेटे, आधी तिचं म्हणणं सांगा. तिला का जायचंय?"

मी तयारी करून गेलो होतो. घसा खाकरून म्हणालो, "तिला नाव मिळवायचंय. ग्रंथावर नाव येईल, मान मिळेल."

"नाही," गिरिजा म्हणाली.

"मग... मुलगा बेळगावला शिकायला गेला. घर खायला उठतं. तिला बदल पाहिजे."

"नाही."

"लग्नामुळं तिचं पुढचं शिक्षण राहिलं. ते भरून काढायचंय."

ती थोडी थांबली. मला वाटलं मिळालं. पण तिनं मान हलवली. "ते खरं आहे, पण त्यासाठी नाही."

"माझा कंटाळा आला असेल."

"नाही हो."

माझे कान तापले. वीस वर्षं एका ताटात जेवलेली बाई, आणि मी चाचपडतोय. मग जे बोलायचं नाही असं घरून ठरवून आलो होतो तेच बोललो. "तिला सरांबरोबर राहायचंय."

सरांचा चहाचा कप बशीवर वाजला. गिरिजानं माझ्याकडं बघितलं आणि आधीच्याच आवाजात म्हणाली, "नाही."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. माझा सगळा आठवडा जाळणारी गोष्ट तिच्या लेखी आणखी एक चुकलेलं उत्तर होती.

"शेटे थकले," इंदुताई म्हणाल्या. "नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणी मदत केली तर चालतं. धोपेश्वरकर?"

"मला यात ओढू नका," सर म्हणाले.

"सांगा सर," गिरिजा म्हणाली.

सरांनी जमिनीकडं बघतच सांगितलं. "गिरिजाबाईंना हरायचंय. कॉलेजात त्यांना कुणी खोडत नाही, घरी नाही, आता आमच्यातही फारसं नाही. आपण मांडलं की लोक माना डोलावतात. त्यांना भीती वाटते, की आपल्याला जे येतं तेवढ्यावरच आयुष्य निघून जाईल. पुण्यात मूळ ग्रीक वाचणारी माणसं आहेत. ती त्यांना रोज चुकीचं ठरवतील. त्यासाठी जायचंय."

"हेच," गिरिजा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पहिल्या खेपेला मिळवलं त्यानं. मला आठवतं, माझ्या हातात भडंगाची वाटी होती आणि ती त्याच्या टकलावर उपडी करावी असं मला मनापासून वाटलं. त्यानं तिचा हात धरला असता तरी मला इतकं लागलं नसतं. मी उठलो.

"बसा," इंदुताई म्हणाल्या. "तुमचं अजून झालेलं नाही. गिरिजा, आता तू. हे 'नाही' का म्हणतात?"

मी बसलो. मुख्याध्यापिकेनं बसा म्हटलं की माणूस बसतो.

गिरिजानं चष्मा पुसून लावला. माझ्याकडं बघताना चष्मा लावायची ती तिची पहिलीच वेळ असेल. "लोक काय म्हणतील, असं यांना वाटतं."

"नाही," मी म्हणालो.

"माझ्यावर संशय आहे."

आठवडाभर होता. पण त्या घटकेला तो कुठं सापडेना. "नाही," मी म्हणालो.

"जेवणाखाणाचे हाल होतील."

"मला स्वयंपाक येतो."

"मग... बायकोनं नवऱ्याला सोडून राहायचं, तेही नवरा नाही म्हणत असताना, हे यांना न्यायाचं वाटत नाही."

"मला न्यायातलं काय कळतंय?" मी म्हणालो.

तिनं आणखी दोनदा प्रयत्न केला आणि हात टेकले. मला दुष्ट समाधान झालं. चला, फिटंफाट. तिलाही येत नाही. पण ते समाधान टिकलं नाही, आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो. खरी गोष्ट अशी होती, की माझं 'नाही' कशासाठी आहे ते माझं मलाही सांगता आलं नसतं.

"मी सांगू का?" सर म्हणाले.

"तुम्हाला काय ठाऊक?" मी म्हणालो. "बरं, सांगा."

या वेळी त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ती परत येणार नाही अशी भीती शेट्यांना नाही. येईल, ठरल्या दिवशी येईल. पण येताना तिच्या डोक्यात असं काही असेल की ते ऐकायला आपण पुरे पडणार नाही, असं त्यांना वाटतं. मग ती त्यांच्याशी हळूहळू बोलेल. सोपं करून, मायेनं, लहान मुलाशी बोलावं तसं. ते थोडं आताच सुरू झालंय. घर तेच असेल, ताट तेच असेल, समोर तीच बसलेली असेल, आणि ती आपल्याला मिळणार नाही. त्यापेक्षा तिनं आहे तेवढंच राहावं. हे चुकीचं आहे हे त्यांना कळतं. म्हणून ते कारण सांगत नाहीत."

हा माणूस माझ्या घरी कधी मधल्या खोलीपर्यंतही आला नव्हता.

"शेटे?" इंदुताईंनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर कुणी काय करणार होतं? पण मी दमलो होतो. "हेच," मी म्हणालो.

गिरिजा माझ्याकडं बघत राहिली. मग सरांकडं वळून म्हणाली, "सर, तुम्हाला हे कसं कळलं?"

सरांनी बाजूची शबनम पिशवी मांडीवर घेतली.

"धोपेश्वरकर," इंदुताई म्हणाल्या, "आपल्याकडं प्रश्नाला उत्तर द्यायची रीत आहे."

"उत्तर दिलं," सर म्हणाले, "तर मला पुण्याला जाता येणार नाही."

त्यांनी शबनम खांद्याला लावली आणि दाराकडं गेले. तिथं थांबून, आमच्याकडं पाठ करून म्हणाले, "तसंही जाता येणार नाही आता. गिरिजाबाई, संस्थेला मी तुमचं एकटीचं नाव कळवतो. मला दमा आहे, असं सांगेन. ते खोटंही नाही." मग जिन्यावर त्यांची पावलं ऐकू आली. एका पायरीवर ते दम घ्यायला थांबले, तेही आम्हाला ऐकू आलं.

मी आणि गिरिजा गावभागातून चालत निघालो. दिवेलागण झाली होती. तीच भीती त्या माणसालाही होती, आणि ती का, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. मारुतीच्या देवळापाशी ती म्हणाली, "मी जात नाही पुण्याला."

हेच तर मला पाहिजे होतं. आठवडाभर दुसरं काही मागितलं नव्हतं. पण तिचा आवाज मी ऐकला, आणि माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी रस्त्यातच उभा राहिलो.

"जा तू," मी म्हणालो.

"आता का?"

"जा म्हणतो ना. उद्याच रजेचा अर्ज टाक."

"अहो, आत्ता तासापूर्वी तुम्ही..."

"ते तासापूर्वीचं झालं."

ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, त्यालाही तिनं वाट दिली नाही. मग सावकाश म्हणाली, "थांबा. मी सांगते. तुम्ही आठवडाभर नाही म्हणत होता, तेव्हा मी जायला निघाले होते. सर एक वाक्य बोलले, न बोलल्यासारखं, आणि मी राहतेय. म्हणजे मी राहिले तर त्यांच्यामुळं राहिले. घरात राहून मी रोज त्यांचं ऐकत असेन, तुमचं नाही. आणि ते तुम्हाला मी पुण्याला जाण्यापेक्षाही सहन होत नाही."

मी मान हलवली.

"मानेनं चालत नाही," ती म्हणाली.

"हेच," मी म्हणालो.

ती हसली नाही, रडलीही नाही. माझा दंड धरून तिनं मला रस्त्याच्या कडेला घेतलं, कारण तो सायकलवाला आता शिव्या देऊ लागला होता. "बरं," ती म्हणाली. "मग मी तुमच्यामुळं जाते."

ती जूनमध्ये गेली. सर सांगलीतच राहिले. त्या वर्षभरात ते आणि मी इंदुताईंच्या घरी रविवारी समोरासमोर बसायचो. मी काय बोलणार? ऐकायचो. कधी मधेच विचारायचो, आणि 'हेच' मिळवायला मला कधी कधी तीन तीन रविवार लागायचे. आम्ही दोघांनीही तिचं नाव फारसं घेतलं नाही. मला त्यांचा राग यायचा तो येतच राहिला, आणि आता ते नाहीत तरी थोडा शिल्लक आहे. पण रविवार मी चुकवला नाही.

वर्ष संपल्यावर ती आली ती दुपारच्या गाडीनं, ग्रंथांच्या दोन पेट्या घेऊन. केस पिकले होते, बारीक झाली होती. रात्री मी भाकरी आणि भरलं वांगं केलं होतं. पहिला घास घेतला आणि तिनं बोलायला सुरुवात केली. न्यायी माणूस सुखी असतोच का, यावर पुण्यात तिचं कसं चुकत होतं, तिला कुणी कसं खोडलं, मग सहा महिन्यांनी तिनं ते परत कसं उभं केलं. भराभर, हातवारे करत. मधे ग्रीक शब्द येत होते. वांगं गार झालं. मी जीव एकवटून ऐकत होतो आणि मधेच कुठंतरी माझा धागा सुटला.

"थांब," मी म्हणालो. "नाही समजलं. परत सांग."

ती थांबली. माझ्याकडं बघितलं. आता आवाज खाली येईल, आता ती 'म्हणजे बघा हं' म्हणेल, माझ्या हळदीचं काहीतरी उदाहरण घेईल.

तिनं पाण्याचा घोट घेतला आणि पहिल्यापासून सगळं परत सांगितलं, तसंच, तितक्याच भराभर, एक शब्दही सोपा न करता.